महारोगाचे ‘महा’पण कसे गेले

वैद्यकशास्त्रातील शोधांनी माणसाचे आरोग्य किती पालटले, हा विषय एका संध्याकाळच्या व्याख्यानात मावण्यासारखा नव्हे. देवीची लस, भूल, जंतुनाशके, क्ष-किरण, पेनिसिलीन, हृदयावरील शस्त्रक्रिया अशी नामावळी वाचीत बसलो, तर घरी जाताना आपल्या पदरी नामावळीच पडेल. म्हणून आम्ही आज एकच रोग निवडला आहे. त्यात औषधाचा शोध आहे, सुरीची करामत आहे, आणि या दोहोंच्या मधे घुटमळणारे माणसाचे मनही आहे. शिवाय या रोगाशी झालेल्या झुंजीचा मोठा भाग आपल्या विदर्भात लढला गेला आहे. वर्ध्यास, वरोड्यास आणि अमरावतीस. ढाणकीकरांना ही गावे काही परकी नव्हेत.

रोगाचे नाव कुष्ठरोग. आपल्या आज्या-पणज्या त्यास महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत, आणि पुष्कळदा त्याचे नावच घेत नसत. ज्यास तो झाला त्याचे पान घरात वेगळे, पुढे खोपटे गावाबाहेर, आणि शेवटी भिक्षापात्र घेऊन एखाद्या तीर्थक्षेत्राची वाट, हा क्रम ठरलेला असे. कोणी त्यास पूर्वजन्मीचे पाप म्हणे, कोणी घराण्याचा दोष म्हणे. आणि नवल असे की, दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील विद्वान वैद्यसुद्धा यातील दुसऱ्या मताचे होते.

ही हकीकत नॉर्वे देशातील बर्गेन या बंदराची आहे. त्या काळी त्या देशात कुष्ठरोग फार होता. तेथील डॅनियलसेन नावाच्या नामांकित वैद्याने रोग्याच्या गाठीतील द्रव्य स्वतःच्या अंगात टोचून घेतले. त्यास काही झाले नाही. तेव्हा त्याने अनुमान काढले की, हा रोग संसर्गाचा नव्हे, रक्ताच्या वारशाने येणारा आहे. प्रयोग धाडसाचा होता, प्रामाणिक होता, पण अनुमान चुकले. त्याचाच जावई गेऱ्हार्ड आर्मौर हान्सेन याने १८७३ साली रोग्याच्या गाठींतून काढलेल्या रसात, सूक्ष्मदर्शकाखाली, काडीसारखे बारीक जंतू पाहिले आणि रोगाचे कारण हेच, असे सांगितले. मानवी रोगाचे कारण म्हणून दाखविल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक होय. क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला.

मग सासऱ्यास रोग का झाला नाही? याचे उत्तर पुढे कळले. शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूला दाद न देण्याची शक्ती उपजतच असते. आपल्या बाबा आमट्यांनीही कलकत्त्यास कुष्ठरोगाचा अभ्यास करीत असताना हे जंतू स्वतःस टोचून घेतले होते. त्यांनाही रोग झाला नाही. ज्या रोगाच्या भीतीने लोक सावली टाळीत, तो रोग मुद्दाम टोचूनही होत नव्हता!

हान्सेनच्या थोरवीला एक डागही आहे, तो लपविण्याचे कारण नाही. रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध करण्याच्या भरात त्याने एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून जंतू टोचण्याचा प्रयत्न केला. खटला झाला आणि १८८० साली त्यास रुग्णालयातील जागेवरून दूर व्हावे लागले. रुग्णाची संमती हा वैद्यकातील शोधच म्हणावयाचा, आणि तो सूक्ष्मदर्शकाहून उशिरा लागला.

हा जंतू मोठा आळशी आहे. पटकीचा जंतू अनुकूल जागी अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतो. यास त्याच कामाला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, क्वचित वीसही. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो आजतागायत वाढलेला नाही. १९६० साली उंदराच्या पंज्यात तो वाढविता आला आणि १९७१ साली आर्माडिलो नावाच्या, खवल्यांचे कवच असलेल्या अमेरिकन प्राण्याच्या अंगात. या प्राण्याचे शरीर आपल्यापेक्षा थंड असते, आणि जंतूला थंडाव्याची आवड आहे. म्हणूनच माणसाच्या अंगातही तो त्वचा, नाक आणि कातडीलगत असणाऱ्या मज्जातंतूंचाच आश्रय करतो. कोपराला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकास आहे. तेथेच तो मज्जातंतू कातडीच्या अगदी खाली असतो आणि तेथेच हा जंतू दबा धरून बसतो. पुढील साऱ्या दुर्दशेचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

औषध असे फार दिवस नव्हतेच. सुश्रुताने सांगितलेले तुवरक म्हणजे आपल्याकडील कडू कवठ. त्याचे आणि त्याच्याच जातीच्या चालमोगऱ्याचे तेल पोटात घेतले तर मळमळ सुटे, टोचून घेतले तर गळू होई. काहींना गुण येई, पुष्कळांना येत नसे. तेव्हा सरकारला दुसरा उपाय सुचला, तो कुंपणाचा. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यास पकडून आश्रमात डांबण्याची मुभा पोलिसास मिळाली. मुंबईस ॲकवर्थ यांच्या नावाचे रुग्णालय त्याआधीच, १८९० साली, उभे राहिले होते. आपल्याकडे अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनऱ्यांनी दवाखाना चालविला. या मंडळींच्या सेवेविषयी आम्हांस आदरच आहे. पण त्यांच्या हाती द्यावयास होते ते अन्न, निवारा आणि मलमपट्टी. रोग बरा करणे त्यांच्या हाती नव्हते.

मग औषध आले, आणि तेही आडवाटेने. डॅप्सोन हे द्रव्य जर्मनीत १९०८ साली तयार झाले, परंतु कोणास त्याचा औषधी उपयोग ठाऊक नव्हता. ते तीस वर्षे कागदोपत्रीच पडून राहिले. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात डॉ. फॅजेट यांनी त्याच कुळातील प्रोमीन हे औषध शिरेतून दिले आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमा भरू लागल्या. १९४६ पासून मद्रासजवळच्या चिंगलपेट येथे डॉ. कॉक्रेन यांनी खुद्द डॅप्सोन टोचून पाहिले, आणि लवकरच नायजेरियात असे दिसून आले की हे औषध गोळीच्या रूपाने पोटातूनही चालते. एक गोळी, तीही दोन-चार पैशांची! टोचण्याला दवाखाना लागतो, गोळीला लागत नाही. हा फरक लहान वाटतो, पण येथूनच आपल्या विदर्भाचे काम सुरू होते.

वर्ध्याच्या परिसरात या कामाची भूमी आधीच नांगरलेली होती. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेस आरंभ केला. सेवाग्रामात परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित या रोगाने जर्जर होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांस आश्रमातच झोपडी दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगास मालीश केले. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. वरोड्यास मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा, १९५१ साली मूठभर रुग्ण, पत्नी साधनाताई आणि दोन तान्ही मुले घेऊन खडकाळ माळावर राहावयास गेले. आनंदवनाची कीर्ती आपण सर्वजण जाणताच; तिचे वर्णन आम्ही येथे करीत नाही. वर्ध्यास त्याच वर्षी जे दुसरे काम सुरू झाले ते मात्र फारसे कोणास ठाऊक नाही, आणि आमच्या मते त्याचे मोल तितकेच आहे.

१९५१ साली वर्धा येथे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. त्याचे सूत्रधार डॉ. वार्डेकर हे विकृतिशास्त्राचे डॉक्टर. त्यांनी हिशोब मांडला. देशातील रुग्ण लाखांनी मोजावे लागतात. प्रत्येकास आश्रमात खाट द्यावयाची म्हटले तर इतके आश्रम बांधणार कोण? आणि जो रुग्ण आश्रमात येतो तो बोटे झडल्यावर येतो. तोवर त्याचा संसर्ग घरादारास झालेला असतो. तेव्हा रुग्णाने आश्रमाकडे जाण्याऐवजी गोळीनेच रुग्णाकडे जावे. यातून तीन कलमी पद्धत निघाली: सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. काही हजार वस्तीचा टापू घ्यावयाचा, प्रशिक्षित कार्यकर्त्याने घर न् घर फिरून प्रत्येक माणसाचे अंग तपासावयाचे, लोकांस रोगाची माहिती सांगावयाची, आणि ज्यास चट्टा सापडेल त्यास ठरल्या दिवशी झाडाखाली, ओट्यावर गोळ्या द्यावयाच्या. रुग्ण घरी राहतो, शेतावर जातो, गोळी खातो. सेवाग्रामच्या परिसरातील गावांत हे आधी करून पाहिले गेले, आणि १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. सायकलीवरून खेडोपाडी फिरणाऱ्या त्या कुष्ठरोग तंत्रज्ञांची नावे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. अंगावरील सदरा काढावयास लावतो म्हणून त्यांस शिव्या खाव्या लागत, स्त्रियांची तपासणी तर त्याहून अवघड.

डॅप्सोनला दोन खोडी होत्या. एक, गोळी वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावी लागे; आणि चट्टा फिका पडला की माणूस गोळी सोडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. दुसरी खोड त्यातूनच उपजली. अर्धवट मारा खाऊन उरलेले जंतू निर्ढावले. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ साली मलायात प्रथम निश्चितपणे सिद्ध झाले आणि मग ठिकठिकाणी आढळू लागले. सुदैवाने तोवर आणखी दोन औषधे हाती आली होती. क्लोफाझिमीन हे आयर्लंडातील डब्लिन येथे क्षयासाठी शोधलेले. क्षयाला फारसे उपयोगी पडले नाही, कुष्ठरोगाला पडले. रिफाम्पिसीनचे मूळ फ्रान्समधील समुद्रकाठच्या मातीत सापडलेल्या एका जंतूत, आणि घडण इटलीतली. हे औषध इतके जहाल की एका मात्रेत बहुतेक सारे जंतू गारद होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ साली ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधाच्या तावडीतून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो, असा तो डाव. हीच बहुविध औषधोपचार पद्धती. आपल्या देशात ती ज्या जिल्ह्यांत सर्वांआधी सुरू झाली त्यांत वर्धा होता. घर न् घर तपासलेले, रुग्णांची यादी तयार असलेले गाव हाताशी असल्यावर नवे औषध पोचविणे कितीसे अवघड?

जन्मभराचा उपचार सहा महिन्यांवर किंवा एक वर्षावर आला. १९८३ साली देशात दर दहा हजारांत ५७ हून अधिक रुग्ण नोंदलेले होते. २००५ च्या डिसेंबरअखेर ते प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. महारोगाचे ‘महा’पण गेले ते येथे.

परंतु गोळी जंतू मारते, मेलेला मज्जातंतू जिवंत करीत नाही. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, हळूहळू सारा पंजा नखीसारखा होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू गेला की पाऊल लोंबते. चेहऱ्यावरचा गेला की डोळा मिटत नाही, आणि न मिटणारा डोळा धुळीने, उन्हाने आंधळा होतो. आणि बोटे झडतात ती कशाने? शेकडो वर्षे लोक समजत, वैद्यही समजत, की रोगच मांस खातो.

हा समज खोटा ठरविला डॉ. पॉल ब्रँड यांनी. जन्म दक्षिण भारतातील डोंगराळ भागात, शिक्षण इंग्लंडात, आणि १९४६ पासून नोकरी वेल्लोरच्या रुग्णालयात. चिंगलपेटला कॉक्रेन यांचे रुग्ण पाहून त्यांस प्रश्न पडला की, या हातांकडे एकाही हाडांच्या शल्यचिकित्सकाने आजवर का पाहिले नाही? त्यांनी रुग्णांच्या मागे राहून जखमा कशा होतात याची नोंद केली. एकदा एक गंजलेले कुलूप कोणास उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली पिरगळली आणि ते उघडले. ब्रँड यांनी पाहिले तर किल्लीच्या धारेने त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि मुलास पत्ता नाही! चुलीवरचे भांडे नुसत्या हाताने उचलणे, पायात काटा घेऊन दिवसभर चालणे, असे सारे उघडकीस आले. काहींची बोटे रात्रीतून आखूड होत. पहारा ठेवला तेव्हा दिसले की झोपेत उंदीर कुरतडीत आहेत. त्यावर उपाय काढला तो मांजर पाळण्याचा. म्हणजे मांस निरोगीच होते. हरपली होती ती वेदना. आपण देवाजवळ दुखणे नको म्हणून मागणे मागतो. परंतु दुखण्याची जाणीव गेलेला माणूस अवयवागणिक स्वतःस गमावत जातो, हे या रोगाने दाखविले.

मांस निरोगी असेल तर शस्त्रक्रियेला वाव आहे, हे उघडच झाले. हाताचे सगळेच स्नायू लुळे होत नाहीत. पुढल्या हाताचे काही मजबूत राहतात. अशा एका स्नायूचा कंडरा, म्हणजे हाडाला ओढणारी दोरी, मूळ जागेवरून सोडवावयाची, तिला फाटे जोडून ती तळहातातून चारही बोटांपर्यंत न्यावयाची आणि तेथे शिवावयाची. १९४८ पासून वेल्लोरला या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पण सुरीचे काम तासा-दोन तासांचे, खरे काम पुढचे. ज्या स्नायूने जन्मभर मनगट उचलले त्याला आता बोटे वळवावयास शिकवावयाचे असते. रोज तेलाची मालीश, रोज व्यायाम, असे कित्येक आठवडे गेल्यावर माणूस घास उचलतो, गुंडी लावतो. लोंबत्या पावलासही अशीच दोरी जोडतात. डोळ्याची युक्ती तर फार मौजेची आहे. कानशिलावरचा, घास चावण्याचा स्नायू पापणीला जोडतात. मग रुग्ण दात आवळतो आणि डोळा मिटतो! डोळा ओला ठेवण्यासाठी त्यास अधूनमधून आठवणीने दात आवळावे लागतात.

नाकाची कथा थोडी वेगळी आहे, आणि तिचा धागा पुण्याशी जुळतो. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानास टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. दोघा इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासह छापून आले, आणि तेथील कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तीच रीत चालविली. आजच्या सुघटन शल्यचिकित्सेची एक मुळी ही अशी आपल्या मातीतून गेलेली आहे. कुष्ठरोग्याचे नाक मात्र बाहेरून तुटत नाही, आतील अस्तर आणि आधार नाहीसा होऊन बसते. इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यावर आतून नवे अस्तर लावण्याची रीत काढली. त्यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, अशा चेहऱ्यांवर आणि हातांवर असंख्य शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरुग्णास सार्वजनिक रुग्णालयाच्या सामान्य कक्षातच खाट मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बसलेले नाक घेऊन जो गावात येतो त्यास, रोग बरा झाला तरी, कोणी चहाचा पेला देत नाही. म्हणून या शस्त्रक्रियेस कोणी शोभेची म्हटले तर ते आम्हांस मान्य नाही.

इतके सारे झाल्यावर कुष्ठरोग संपावयास हवा होता. तो संपलेला नाही. आजही देशात दरसाल लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातील निम्म्याहून अधिक. आणि आपल्या राज्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडचा भाग त्यात पुढे आहे. औषध फुकट आहे, ते आरोग्य केंद्रात मिळते. मग अडते कोठे?

कल्पना करा. एका घरात वयात आलेल्या मुलीच्या दंडावर फिकट, किंचित तांबूस चट्टा दिसतो. तो खाजत नाही, दुखत नाही. आई म्हणते, यंदा लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू. कोणी गजकर्णाचे मलम आणून देतो. सहा महिने जातात. हातात मुंग्या येऊ लागतात, करंगळी जरा वाकते. ते थंडीने असेल. वर्ष जाते. वास्तविक मज्जातंतूची कमजोरी नवीन, सहा महिन्यांच्या आतली असली तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी पुष्कळदा शक्ती परत येते. त्यानंतर आशा कमी कमी होत जाते, आणि उरते ती शस्त्रक्रिया. आईची माया खरी, पण तिची भीती गोळी नव्हती त्या काळातली आहे. पूर्वीच्या आईजवळ चट्टा लपविण्यावाचून दुसरे साधन नव्हते. आज ज्या दिवशी चट्टा दाखविला त्याच दिवसापासून तो हात वाचावयास लागतो.

कायद्यानेही आपली जुनी भीती टाकली आहे. १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. नवरा-बायकोपैकी एकास कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने वगळले गेले.

आता परीक्षेविषयी थोडे, कारण व्याख्यान संपल्यावर तेच विचारले जाते. पांढरा शुभ्र डाग म्हणजे कोड. तो कुष्ठरोग नव्हे, त्याचा संसर्ग नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि त्यावर स्पर्श कळत नाही किंवा कमी कळतो. कापसाचा बारीक पेळू घ्यावा. कापूस तर आपल्या जिल्ह्यात शोधावा लागत नाही. डोळे मिटावयास सांगून आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर हलकेच टेकवावा आणि कोठे लागले ते बोटाने दाखवावयास सांगावे. चट्ट्यावर बोट न आले तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठावे. कानाच्या पाळ्या जाड होणे, अंगावर तेलकट चकाकी आणि गाठी येणे, भुवया विरळ होणे, पायातून चप्पल निसटल्याचे न कळणे, हीही लक्षणे आहेत. यांत चट्टा नसेलही.

उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचे भय थोड्याच दिवसांत उरत नाही. पान वेगळे मांडण्याचे कारण नाही. घरातल्या आणि शेजारपाजारच्या निकटच्या माणसांची तपासणी करून त्यांस रिफाम्पिसीनची एकच मात्रा प्रतिबंधासाठी दिली जाते. बांगलादेशात झालेल्या मोठ्या प्रयोगात अशा मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांची संख्या निम्म्याहून कमी झाली होती. शेजाऱ्यांस ही मात्रा द्यावयाची तर रुग्णाची संमती लागते, कारण त्यातून त्याचे नाव कळण्याचा संभव असतो. पुष्कळदा ती संमती मिळत नाही. आणि मग आरोग्यसेविका त्या घराच्या चौघांस गोळी देऊन, शेजारचे दार न ठोठावता परत जाते.